ती चेरीची पाई पुन्हा जमेल का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: दीड वर्षापूर्वी यांना बेकिंगचा नाद लागला, त्यातही पाईचा. आतापर्यंत तेरा पाई करून झाल्या, दर वेळी नवी कृती शोधून. ॲपल पाईचा तळ ओला राहिला. भोपळ्याच्या पाईला भेगा पडल्या. लेमन मेरँग पाई (लिंबाच्या सारणावर अंड्याच्या पांढऱ्याचा साखर घालून फेटलेला फेस) रात्री छान घट्ट होती, सकाळी सारण वाहायला लागलं. एकदा तर पारी भाजताना इतकी आक्रसली की सारण भरायला जागाच उरली नाही. चेरीची पाई मात्र एकदाच, पण सुरेख झाली. आईने दुसरा तुकडा मागून घेतला आणि तेव्हापासून ‘ती चेरीची पाई पुन्हा कर ना’ असं त्या म्हणतात. पुढे दोनदा केली, दोन्ही वेळा फसली. थोरली बहीण वर्षानुवर्षं एकच ॲपल पाई करते आणि ती कधी बिघडत नाही. आता सहा आठवड्यांवर आईचा पंच्याहत्तरावा वाढदिवस आहे. यांनी चार निरनिराळ्या पाई करायचं मनात धरलंय. ताई म्हणते, ‘तुझे प्रयोग राहू दे, मी माझी पाई आणते.’ ते विचारतात: प्रयोग सोडून ताईसारखी एकच पाई धरावी, नवा ओव्हन घ्यावा, क्लास लावावा, की आपल्या हातालाच गुण नाही असं समजून थांबावं?

नमस्कार,

तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. पहिल्या दोन वेळा बिघडलेल्या पाईच लक्षात राहिल्या. तिसऱ्या वेळी चेरीच्या पाईबद्दल तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका ओळीवर नजर अडली. त्या दिवशी मध्येच बाहेर जावं लागलं, म्हणून पीठ रात्रभर फ्रीजमध्ये राहिलं. शिवाय चेरी बाटलीतल्या होत्या, रस फार होता, म्हणून तो साखर आणि कॉर्नफ्लोअर घालून आधी पातेल्यात उकळून घेतला. दोन्ही गोष्टी नाइलाजाने केल्या असं तुम्ही म्हणता. मला वाटतं, ती पाई जमली ती या दोन नाइलाजांमुळेच.

पिठाचं आधी बघू. मैद्यात पाणी पडलं की त्यातली प्रथिनं एकमेकांना धरतात आणि ग्लुटेनचे धागे तयार होतात. पीठ जितकं हाताळाल तितके ते ताठ होत जातात. असं पीठ लगेच लाटलं तर पारी रबरासारखी मागे येते आणि ओव्हनमध्ये गेल्यावर भांड्याच्या कडेवरून घसरून तळाशी गोळा होते. तुमची आक्रसलेली पारी हीच. थंडाव्यात पडून राहिलं की धागे सैलावतात, ओल सगळीकडे सारखी मुरते आणि बटर पुन्हा कडक होतं. बटर कडक असणं फार महत्त्वाचं. त्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो आणि १६ ते १८ टक्के पाणी. ओव्हनच्या आचेत बटरचे चपटे तुकडे वितळतात, त्यांच्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफ वरचा थर उचलून धरते. पापुद्रे सुटतात ते असे. बटर आधीच पिठात विरून गेलेलं असेल तर वाफेला उचलायला थरच उरत नाहीत.

आता रस. कॉर्नफ्लोअर नुसतं गरम होऊन भागत नाही, ते पुरतं दाट व्हायला सारण बुडबुड्यांनी उकळावं लागतं. कच्च्या फळांच्या पाईत ही उकळी मधोमध पोहोचायला बराच वेळ जातो, आणि तोवर वरची पारी लाल झालेली बघून आपण पाई बाहेर काढतो. मग कापल्यावर रस थाळीभर पसरतो. तुम्ही रस पातेल्यातच दाट करून घेतलात, म्हणजे ही अडचण ओव्हनपर्यंत पोहोचलीच नाही.

पुढच्या दोन वेळी काय केलंत? दुसऱ्या खेपेला ताज्या चेरी आणि तेलाची पारी. तिसऱ्या खेपेला तयार पफ पेस्ट्री आणि जिलेटिन घातलेलं सारण. ही चेरीची पाई ‘पुन्हा’ करणं कसं म्हणायचं? नाव तेवढं तेच राहिलं, बाकी सगळं बदललं. मला तुमच्या पत्रातली मूळ गोष्ट इथे दिसते. पाई बिघडली की तुम्ही कृती बदलता, आणि चांगली झाली तरी कृती बदलता. त्यामुळे बिघडली ती कशाने आणि जमली ती कशाने, यातलं काहीच हाती लागत नाही. तेरा पाई केल्यात हे खरं, पण पारी तेराही वेळा पहिल्यांदाच केलीत.

ताईच्या हाताला गुण आहे असं तुम्ही लिहिता. असेलही. पण दर दोन महिन्यांनी तीच पाई, तेच भांडं, तोच ओव्हन, असं वर्षानुवर्षं केलं की पाणी किती पुरे हे बोटांना कळायला लागतं. पीठ आज कोरडं वाटतंय, एक चमचा जास्त घालू, हा निर्णय ती विचार न करता घेत असणार. सुमारे १३९० सालच्या एका इंग्रजी हस्तलिखितात सफरचंदाच्या टार्टची कृती सापडते. सफरचंद, नाशपाती, अंजीर, मनुका, मसाले नीट कुटून घ्या, केशराने रंग आणा, पारीत भरा आणि चांगलं भाजा, एवढीच ती आहे. वजन नाही, वेळ नाही, आच किती तेही नाही. वाचणाऱ्याच्या हाताला बाकीचं ठाऊक आहे असं लिहिणाऱ्याने धरून चाललं होतं. आजच्या कृतीत ग्रॅम आणि अंश असतात म्हणून आपल्याला वाटतं की तिच्यात सगळं आलं. हाताने शिकायचा भाग आजही कृतीत उतरत नाही.

मात्र म्हणून प्रयोग बंद करा, हे ताईचं म्हणणं मला पटत नाही. तुमच्या पत्रात सगळ्यात जिवंत भाग कुठला आहे माहीत आहे? नाशपाती आणि आल्याच्या पाईचा वास घरभर कसा पसरला ते तुम्ही लिहिलंय तो. ती पाईसुद्धा धड जमली नव्हती, तरी तुम्ही तिच्याबद्दल आठ ओळी लिहिल्यात. ज्याला नवं करून बघण्यात एवढा आनंद आहे त्याला एकाच पाईला बांधून ठेवलं, तर तो सहा महिन्यांत ओव्हन बंद करून ठेवेल. एकच पाई करत राहण्यात ताईला समाधान आहे, तुम्हाला ते मिळणार नाही, आणि यात कमीपणा कसलाच नाही.

मग मधला रस्ता असा: पारी एकच धरा, सारण हवं तितकं बदला. निदान पुढच्या दहा पाईंपुरती पारीची कृती, भांडं आणि ओव्हनचा कप्पा यांतलं काहीही बदलायचं नाही. सारण कसंही निघालं तरी पारी दर वेळी सुधारत जाईल आणि काय चुकलं ते ओळखता येईल, कारण बदललेली गोष्ट एकच असेल. अगदीच वेगळी पारी करून बघावीशी वाटली तर १० सेंटिमीटरच्या लहान भांड्यात करा. मोठी पाई पणाला लावायची गरज नाही.

बाकीच्या बिघडलेल्या पाईंनाही नशीब जबाबदार नाही. भोपळ्याची पाई म्हणजे मुळात कस्टर्ड. अंड्याचं कस्टर्ड गरजेपेक्षा जास्त शिजलं की आकसतं आणि भेगा पडतात. कडेचा भाग बसलाय आणि मधला पाच-सहा सेंटिमीटरचा गोल अजून थरथरतोय, अशा वेळी ती बाहेर काढायची. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ८० अंश सेल्सिअसच्या आसपास. उरलेलं ती स्वतःच्या उष्णतेवर पूर्ण करते. ॲपल पाईच्या ओल्या तळाचं कारण बहुधा तळाला आच कमी मिळणं हे असेल. ओव्हन तापवताना खालच्या कप्प्यात एक जाड ट्रे ठेवा, तोही तापू द्या आणि पाईचं धातूचं भांडं थेट त्या तापलेल्या ट्रेवर ठेवा. काचेचं भांडं फ्रीजमधून काढून असं ठेवू नका, तडकेल. आणि सफरचंदाच्या फोडींना साखर लावून तासभर ठेवा. पाणी सुटेल, ते गाळून आटवा आणि दाट पाक परत फोडींत मिसळा. इतकं केलं की तळ ओला राहायचं दुसरं कारणही जातं.

लेमन मेरँग पाईबद्दल मात्र थोडं जास्त लिहिते, कारण तुमच्यासारखीच सकाळ माझ्याही वाट्याला आली आहे. रात्री सारण सुरीला चिकटेल इतकं दाट होतं. सकाळी पाई तिरकी केली तर पिवळा रस कडेने ओघळला. मी तेव्हा लिंबाला दोष दिला, पुढच्या वेळी लिंबू कमी केलं, पाई फिकी लागली आणि तरीही वाहिलीच. खरं कारण अंड्याच्या बलकात होतं. बलकात अमायलेज नावाचं एक विकर असतं, ते स्टार्च तोडतं. सारण पुरेसं उकळलं नाही तर हे विकर जिवंत राहतं आणि रात्रभर कॉर्नफ्लोअरचा दाटपणा खात बसतं. बलक फाटेल या भीतीने मी सारण दाट दिसताच गॅस बंद करत होते. कॉर्नफ्लोअर असताना बलक सहजासहजी फाटत नाही. बलक मिसळल्यावर सारण सतत ढवळत मोठे बुडबुडे फुटेपर्यंत आणा आणि तसंच आणखी मिनिटभर उकळू द्या. ते करायला लागल्यापासून माझी लेमन पाई वाहिलेली नाही. मेरँग गरम सारणावरच घाला आणि पारीच्या कडेला सगळीकडून टेकवा, नाहीतर मध्ये पाणी साचतं.

नव्या ओव्हनबद्दल माझं स्पष्ट मत आहे: आत्ता घेऊ नका. आधी दोन लहान वस्तू घ्या, ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर आणि डिजिटल वजनकाटा. बटणावर २०० लिहिलं म्हणजे आत २०० अंश असतातच असं नाही. आपला ओव्हन किती मागेपुढे आहे ते एकदा कळलं की त्याच्याशी जमवून घेता येतं. आणि तुम्ही कपाने मैदा मोजता असं पत्रातून दिसतं. एकच कप हलक्या हाताने भरला तर १२० ग्रॅम मैदा मावतो, डब्यात खुपसून भरला तर १५० ग्रॅमपर्यंत जातो. एवढ्या फरकाने तीच कृती एकदा भुसभुशीत आणि एकदा वातड होते.

क्लास लावायला माझी हरकत नाही, पण नव्या कृतींसाठी लावू नका, त्या तुमच्याकडे भरपूर आहेत. पीठ कुठे थांबवायचं हे दुसऱ्याच्या हाताखाली बघण्यासाठी लावा. आणि त्याच्याही आधी, एक शनिवार ताईच्या ओट्याशी उभे राहा. ती पाणी घालते तेव्हा वाटीकडे बघू नका, तिच्या बोटांकडे बघा. तिच्या पिठात स्वतः हात घालून बघा. तिच्या ‘प्रयोग राहू दे’ने तुम्ही दुखावला आहात हे कळतं. मला त्यात आईच्या दिवशी काही फसू नये ही काळजी जास्त ऐकू येते. तिच्याकडे शिकायला गेलात तर ते वाक्य बहुधा तिच्या तोंडी पुन्हा येणार नाही.

आता पारी. ही मी वापरते, दुसरी कुठली धरलीत तरी चालेल, फक्त ती सोडू नका. २३ सेंटिमीटरच्या भांड्याला खाली-वर पुरेल इतकी: मैदा ३०० ग्रॅम, बिनमिठाचं बटर २०० ग्रॅम, बर्फाचं पाणी ९० ते १०० ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम, साखर एक मोठा चमचा. बटरचे सेंटिमीटरभराचे चौकोन करून पुन्हा फ्रीजमध्ये ठेवा. स्वयंपाकघर गरम असेल तर मैदाही फ्रीजमध्ये. मैद्यात चौकोन टाकून एकेक तुकडा अंगठा आणि बोटात धरून चपटा करायचा. नेहमीचं मोहन चोळतो तसं पुरतं चोळायचं नाही. काही भाग रवाळ, काही तुकडे वाटाण्याएवढे, काही बदामाएवढे चपटे दिसायला लागले की थांबा. पाणी चमच्याचमच्याने शिंपडत काट्याने ढवळा. मग मूठभर घेऊन दाबा. मूठ उघडल्यावर गोळा अंगचा उभा राहिला, कडेला थोडा तडकला आणि तळव्याला चिकटला नाही, तर पाणी बस. मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. दोन चपट्या चकत्या करून गुंडाळा आणि निदान दोन तास, जमलं तर रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. तुमची ती रात्र आठवा.

लाटताना मधून बाहेर लाटा आणि दर दोन-तीन फेऱ्यांनी पारी पाव वळसा फिरवा, साधारण ३ मिलिमीटर जाडीपर्यंत. पांढऱ्या मैद्यात बटरचे पिवळट, संगमरवरासारखे पट्टे दिसले तर पारी उत्तम आहे. भांड्यात घालताना कोपऱ्यात ओढून बसवू नका, उचलून सैल सोडा, ती आपोआप कोपऱ्यात उतरते. ओढलेली पारी भाजताना ओढ परत घेते. भांड्यात घातल्यावर पुन्हा अर्धा तास गार करा.

चेरीसाठी: बिया काढलेल्या आंबट चेरी ९०० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर ३५ ग्रॅम, बदामाचा इसेन्स दोन-तीन थेंब. चेरी फ्रोझन असतील तर चाळणीत पूर्ण सुटू द्या. बाटलीतल्या असतील तर रस निथळवून एक कपभरच घ्या, आणि पाकातल्या गोड असतील तर साखर निम्मी करा. ताज्या असतील तर साखरेत तासभर मुरवून रस काढा. त्या रसात कॉर्नफ्लोअर गुठळी न राहता कालवा, साखर आधी घातली नसेल तर घाला, उकळी आणून मिनिटभर घोटा आणि चेरी त्यात सोडा. सारण पूर्ण गार झाल्याशिवाय पारीत भरायचं नाही, नाहीतर बटर तिथेच वितळतं. वरची पारी पट्ट्या कापून जाळीसारखी विणा, वाफेला वाट मिळते. कडेला घट्ट मुरड घाला. २२० अंशांवर २० मिनिटं, मग १९० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं. कडा आधी लाल झाल्या तर त्यांच्यावर फॉइल टाका. वेळेपेक्षा जाळीतून दिसणाऱ्या बुडबुड्यांवर विश्वास ठेवा: ते मधोमध यायला हवेत आणि सावकाश, जाड फुटायला हवेत. भराभर फुटणारे बारीक बुडबुडे दिसतायत तोवर रस पातळ आहे.

वाढदिवसाच्या चार पाई मात्र सोडून द्या, हे मी आग्रहाने सांगते. चार पाई म्हणजे चार सारणं, एकाच ओव्हनमध्ये चार फेऱ्या, आणि त्यातल्या तीन तुम्ही पहिल्यांदाच करणार. आईने चार मागितलेल्या नाहीत, एकच मागितली आहे. ताईला तिची ॲपल पाई आणू द्या, तिला तसं आपणहून सांगा, आणि तुम्ही चेरीची करा. आज आणि त्या दिवसाच्या मध्ये पाच शनिवार आहेत. पहिला ताईकडे. पुढचे दोन चेरीची पाई, एका थेंबाचाही बदल न करता. चौथा तुमचा, त्याच पारीत नाशपाती आणि आलं भरा, मला वाटतं या वेळी ती तुम्हाला वेगळी दिसेल. पाचव्याला पुन्हा चेरी. प्रत्येक वेळी वहीत चार ओळी लिहा: पाणी नेमकं किती लागलं, पीठ किती तास गार होतं, थर्मामीटर काय म्हणत होता, आणि तुकडा उलटा करून बघितल्यावर तळ कसा दिसला. पारीच्या चकत्या नीट गुंडाळून फ्रीझरमध्ये दोन महिने सहज राहतात, तेव्हा एका दिवशी चार करून ठेवल्यात तर शनिवारी हातावर काम कमी येईल.

शेवटची पाई वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी भाजा आणि रात्रभर जाळीवर, न झाकता, तशीच राहू द्या. फळांची पाई निदान चार तास गार झाल्याशिवाय कापू नये, गरम असताना कितीही दाट रस पातळच वाटतो. कुणी कोमट मागितली तर कापलेला तुकडा गरम करून द्या, अख्खी पाई नको. पहिला तुकडा भांड्यातून नेहमीच मोडतो, तो स्वतःसाठी काढा. दुसरा नीट सुटेल, तो आईंना द्या. त्या काय म्हणाल्या ते मला जरूर कळवा, आणि वहीतल्या त्या चार ओळीही सोबत पाठवा.